अंटार्क्टिका नक्की शोधलं कोणी? तीन ठिकाणी तीन नावं

निळा_नकाशा:
डोक्यात किडा वळवळतोय म्हणून विचारतो. अंटार्क्टिका शोधलं कोणी? एका ठिकाणी कॅप्टन कुक लिहिलंय, दुसरीकडे बेलिंग्सहाउझेन नावाचा रशियन, आणि काल एका व्हिडिओत पामर नावाचा २१ वर्षांचा अमेरिकन पोरगा. आणि एवढं मोठं खंड १८२० पर्यंत कुणालाच दिसू नये, हे कसं काय?

दर्यासारंग:
कुकला आधी यादीतून काढ. जानेवारी १७७३ मध्ये अंटार्क्टिक वृत्त ओलांडलं त्याने, पुढच्या वर्षी ७१ अंश १० मिनिटं दक्षिणेपर्यंत गेला, पण समोर नुसता बर्फ, जमीन दिसलीच नाही. पुढे जमीन असावी असं त्याला वाटत होतं, फक्त ती कुणाच्या कामाची नाही हेही त्याने लिहून ठेवलंय 😄
आणि दिसली नाही यात नवल काय, लाकडी शिडाचं जहाज, इंजिन नाही, भोवती गोठलेला समुद्र, वर धुकं. दोर तारेसारखे ताठ झालेले, शिडं पत्र्यासारखी, कप्प्या गोठून जाम, असं कुकच सांगतो. प्यायचं पाणी संपत आलं की होडीतून हिमनगाचे तुकडे आणायचे आणि वितळवायचे, ते पाणी मात्र गोड निघायचं.

पेंग्विनप्रेमी:
अमुंडसेन ना?

दर्यासारंग:
तो दक्षिण ध्रुवावर पोचला रे, १४ डिसेंबर १९११ ला. इथे गोष्ट ९० वर्षं आधीची चाललीय.

हिमवेडा:
खरी मारामारी तीन दिवसांची आहे. बेलिंग्सहाउझेनला वोस्तोक आणि मिर्नी या जहाजांवरून बर्फाची कड दिसली ती २७ जानेवारी १८२० ला (काही जण २८ धरतात, कारण रशियन कॅलेंडर तेव्हा १२ दिवस मागे, त्यात जहाजावरचा दिवस दुपारी सुरू व्हायचा, सगळा घोळच). ब्रिटिश नौदलाच्या ब्रॅन्सफील्डला ३० जानेवारीला डोंगर दिसले, आता ज्याला ट्रिनिटी द्वीपकल्प म्हणतात तिथले. रशियनांना दिसलं ते आइस शेल्फ, म्हणजे जमिनीवरून सरकत येऊन समुद्रावर तरंगणारा बर्फ. मग तो खंडाचा भाग धरायचा की नाही, यावर लोक अजून भांडतात. माझं मत ब्रॅन्सफील्डला, डोंगर तो डोंगर. शिवाय बेलिंग्सहाउझेनचं प्रवासवर्णन छापून आलं १८३१ ला, तेही रशियनमध्ये, बाहेर कोण वाचणार.

खारा_वारा:
सगळे विल्यम स्मिथला विसरतात, त्याचा राग येतो मला. हा साधा मालवाहू जहाजाचा कप्तान, फेब्रुवारी १८१९ मध्ये केप हॉर्नला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, वळसा घालताना वाऱ्यामुळे दक्षिणेला भरकटला आणि त्याला बेटं दिसली, आताची साउथ शेटलंड. आधी लोकांनी विश्वास ठेवला नाही, हा परत गेला, त्या वर्षीच ऑक्टोबरमध्ये किनाऱ्यावर उतरून आला. मग नौदलाने त्याचंच जहाज भाड्याने घेतलं आणि वर ब्रॅन्सफील्डला बसवलं, स्मिथ वाटाड्या! नाव कुणाचं झालं ते बघतोच आहोत.
बेटांवर फर सील (दाट केसाळ कातड्याचे समुद्री प्राणी) आहेत हे कळल्यावर तर झुंबडच उडाली. पामर त्याच गर्दीतला, नोव्हेंबर १८२० मध्ये हीरो नावाच्या छोट्याशा जहाजातून त्याने खंडाची जमीन बघितली, म्हणजे नंबर तिसरा. कातड्यासाठी इतकी कत्तल झाली की दोन-तीन हंगामात सील जवळपास संपले. आणि ही मंडळी चांगला किनारा सापडला की तोंड उघडत नसत, धंद्याचं गुपित ना, त्यामुळे आधी कुणी बघून गेलं असेल तरी आपल्याला कळायचा मार्ग नाही.

निळा_नकाशा:
हे भारी आहे. मग पहिलं पाऊल कुणाचं?

खारा_वारा:
बहुतेक जॉन डेव्हिस, हाही सीलवालाच, ७ फेब्रुवारी १८२१. माणसं काही वेळ उतरली, सील शोधले, परत जहाजावर. लॉगबुकात मात्र लिहिलंय की ही दक्षिणेकडची जमीन खंड असावी असं वाटतं. नक्की तिथेच उतरले का यावर वाद आहेच.

निळा_नकाशा:
म्हणजे क्विझमध्ये काय लिहू??

हिमवेडा:
बेलिंग्सहाउझेन लिही, मार्क मिळतील. मग बाहेर येऊन माझ्याशी भांड.