एलएल.एम.चा विषय: 'जागतिकीकरण' घेऊ की काकांचे अडकलेले पैसे?

मिरकरवाडा_कन्या:
नमस्कार. मी रत्नागिरीची. गेल्या वर्षी एलएल.बी. झाले, सध्या इथल्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर आहे. एलएल.एम. आंतरराष्ट्रीय व्यापारी कायद्यातच करायचं, हे घरच्या अनुभवाने ठरलं. काका गोठवलेलं माकूल (स्क्विड) परदेशी पाठवतात. दोन वर्षांपूर्वी स्पेनच्या एका खरेदीदाराने माल पोचल्यावर चार महिन्यांनी तक्रार केली आणि उरलेले पैसे अडवून धरले. करार अडीच पानांचा, शेवटची ओळ 'स्पेनचा कायदा लागू राहील'. सही करताना ती कुणी वाचली नव्हती. काकांनी फाईल माझ्यासमोर ठेवली तेव्हा मला एक शब्द सांगता आला नाही. ते अजून टोचतं.

सरांनी विषय सुचवलाय 'जागतिकीकरण आणि व्यापार कायदा'. घेऊ का? आणि इथे बसून पुस्तकं कुठून मिळवू?

देवगडचा_वकील:
ताई, सरांचा मान राखून सांगतो, हा विषय घेऊ नका. त्यात बुडालात तर तळ लागणार नाही. तुमचा विषय त्या शेवटच्या ओळीत आहे.

मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीचा १९८० चा व्हिएन्ना करार, ज्याला सगळे सीआयएसजी म्हणतात, १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. भारत त्यात नाही, म्हणून आपल्याकडे तो एका तासात उरकतात. पण स्पेन आहे. 'स्पेनचा कायदा' लिहिलं आणि हा करार वगळला नाही, तर कलम १(१)(ब) मधून तोच लागू होतो. मग आपला १९३० चा माल विक्री कायदा बाजूला राहतो आणि कलम ३८, ३९ पुढे येतात. खरेदीदाराने माल शक्य तितक्या लवकर तपासायचा, दोष नेमका काय ते वाजवी मुदतीत कळवायचं, नाहीतर त्याचा हक्क जातो. गोठवलेल्या मासळीला चार महिने वाजवी मुदत धरायची का? एवढ्यावर अख्खा शोधनिबंध उभा राहतो.

सोबत जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाचा ८ मार्च १९९५ चा निकाल वाचा. स्विस विक्रेत्याने न्यूझीलंडच्या शिंपल्या जर्मनीत विकल्या, त्यात कॅडमियम तिथल्या शिफारशीपेक्षा जास्त निघालं, तरी खरेदीदार हरला. खरेदीदाराच्या देशातले नियम विक्रेत्याला माहीत असलेच पाहिजेत असं नाही, खास कारण असेल तरच, असं कोर्टाचं म्हणणं. आता आपल्याकडे या. ज्या कारखान्याला युरोपात माल पाठवायची मान्यता आहे, तो 'मला तिथले नियम ठाऊक नव्हते' असं कोणत्या तोंडाने म्हणणार? ते 'खास कारण' आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला अडचणीत आणतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कुणीतरी इथल्या माणसाने लिहायला हवं.

चिपळूणची_मीरा:
पुस्तकांची काळजी नको गं. अनसिट्राल, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा व्यापार कायदा आयोग, त्याच्या साइटवर 'क्लाउट' नावाचा निकालांच्या सारांशांचा संग्रह फुकट आहे, कलमवार शोधता येतो. भारतातले प्रबंध 'शोधगंगा'वर. मी पावसाळ्यात लाईट जायची म्हणून लागेल ते आधीच छापून फाईल करून ठेवायचे. आणि बाहेर शिकायचं मनात असेल तर ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आत्ताची ज्युनिअरकी तारखांसकट लिहून ठेव.

उरणकर:
मी क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवायच्या धंद्यात आहे, कायद्यातला नाही. एक मात्र बघा: करारात लवादाचं कलम आहे का, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायची अट? असेल तर १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे निवाडा तिकडे वसूल करता येतो, भारत आणि स्पेन दोघेही त्यात आहेत. नसेल तर इथला हुकूमनामा तिथे घेऊन जाणं फार जड जातं.

मिरकरवाडा_कन्या:
देवगडचे दादा, मीराताई, उरणकर काका, मनापासून आभार. रात्री फाईल पुन्हा काढली. लवादाचं कलम नाही. पण खरेदीदाराच्या मेलमध्ये फक्त 'दर्जा समाधानकारक नाही' एवढंच आहे. वास, रंग, वजन, कशाचाच उल्लेख नाही. कलम ३९ ला 'नेमका दोष' हवा ना? काकांना फोन केला, प्लँटच्या मान्यता क्रमांकाचा कागदही पाठवायला सांगितलाय. सोमवारी सरांकडे नवीन विषय घेऊन जाते.