फेटलिंगमधला अर्गोनॉमिक्स प्रोजेक्ट: रुला सगळीकडे ७ येतोय, पुढे काय?

प्रॉडक्शन_टीवाय:
नमस्कार. मी प्रॉडक्शनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापूर. इलेक्टिव्ह म्हणून इंडस्ट्रियल अर्गोनॉमिक्स घेतलाय (बाकीच्या इलेक्टिव्हमध्ये गणित जास्त होतं, हे उघड कारण). मिनी प्रोजेक्टला शिरोली भागातल्या एका फाउंड्रीत परवानगी मिळाली. फेटलिंग शॉपमध्ये (ओतलेल्या नगांच्या जादा कडा घासून साफ करतात तिथे) जमिनीवर हाउसिंगचा, म्हणजे ओतीव कवचांचा, ढीग असतो, एकेक जॉब १४ किलोचा. कामगार तो उचलतो, वळतो आणि ८५ सेंमी उंचीच्या टेबलावर ठेवतो. मिनिटाला साधारण दोन, शिफ्टभर.

मोबाईलवर फोटो काढून रुला लावला (शरीराच्या ठेवणीला १ ते ७ गुण देणारी पद्धत, ७ म्हणजे सगळ्यात वाईट). झाडून सगळ्या फोटोंना ७. रिपोर्ट दाखवला तर सुपरवायझर म्हणाले, "वाकून काम केलं की कंबर धरते हे सांगायला इंजिनिअर कशाला पाहिजे?" आमचे सर म्हणतात निष्कर्ष स्पष्ट आहे, सबमिट करून टाक. पण मलाच पटत नाहीये. काय करू?

चाकणचा_आयई:
७ म्हणजे पैकीच्या पैकी, अभिनंदन 😀
मस्करी सोड. उचलण्याच्या कामाला रुला लावूच नये. नायोशचं (अमेरिकेची कामगार सुरक्षा-आरोग्य संशोधन संस्था) लिफ्टिंग इक्वेशन लाव, किती वजन उचलणं ठीक ते काढायचं सूत्र.

जुना_फाउंड्रीवाला:
सुपरवायझरचं बरोबर आहे बघ. त्याला तू थर्मामीटर दाखवलास, त्याला औषध पाहिजे.

रुला १९९३ चा, मॅकॲटम्नी आणि कॉर्लेट यांचा. मान, खांदा, मनगट यांच्यासाठी केलेला. शिलाई मशीनवर किंवा कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना चपखल बसतो. वजनाचं म्हणशील तर १० किलोच्या वर गेलं की त्याला १२ काय आणि २५ काय, सारखेच गुण. म्हणजे उद्या तू जॉब अर्ध्या वजनाचा केलास तरच त्याला कळणार. जॉब हलका करणं तुझ्या हातात आहे का? नाही. मग हातात काय आहे ते दाखवणारं सूत्र घे.

नायोशचं १९९१ चं सुधारित सूत्र २३ किलोपासून सुरू होतं, तेही सगळं आदर्श असेल तर. मग प्रत्येक अडचणीला एकेक गुणक लागतो आणि आकडा उतरत जातो. तुझ्या कामाचं अंदाजाने करून दाखवतो, मापं तू स्वतः घे. हात घोट्यांपासून ५० सेंमी पुढे धर: २५ भागिले ५०, म्हणजे ०.५. इथेच निम्मं वजन गेलं! पकड जमिनीपासून १५ सेंमीवर: ०.८२. उचल ७० सेंमीची: ०.८८. कमरेत ४५ अंशांचा पीळ: ०.८६. मिनिटाला दोन, आठ तास: ०.६५. पकड वाईट: ०.९. सगळं २३ ला गुणून हाती येतात जेमतेम ४.२ किलो, एवढंच उचलणं ठीक. माणूस उचलतोय १४. १४ भागिले ४.२, म्हणजे लिफ्टिंग इंडेक्स ३.३ च्या वर. १ च्या आत हवा. ३ च्या पुढे बहुतेक सगळ्यांनाच धोका धरतात.

आता गंमत पुढे आहे. ढीग स्टँडवर घेऊन पकड ७५ सेंमीवर आणलीस, बाकी काही बदललं नाहीस, तर इंडेक्स २.४ च्या आसपास येतो. सगळे एवढंच सुचवतात आणि थांबतात. पण त्याच स्टँडवर हातांचं अंतर ५० चे ३५ सेंमी केलंस आणि पीळ काढलास तर १.५ च्या खाली येतो. १ नाही होत, हेही रिपोर्टमध्ये लिही. लपवू नको.

मग ५० चे ३५ कसे होतील? त्यासाठी अर्धा तास नुसतं उभं राहून बघ की, माणूस जॉब अंगापासून लांब का धरतोय. ढिगात पाय घालायला जागा नसते हे एक. बिन (जॉब ठेवायची पेटी) असेल तर त्याची भिंत मांडीला अडते, म्हणून पुढची बाजू खाली पडणारी ट्रॉली लागते. आणि तिसरं कारण फोटोत कधीच दिसत नाही: पार्टिंग लाइनवरचा फ्लॅश, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर आलेली धातूची जादा कड. तो पात्यासारखा असतो, शर्ट फाडतो, पोट खरचटतं. म्हणून माणूस हात लांब करून उचलतो. चांगल्या चामड्याच्या ॲप्रनने तो जॉब पोटाशी धरायला लागतो. ॲप्रन हा सेफ्टीचा विषय म्हणून सगळे सोडून देतात, माझ्या मते तो अर्गोनॉमिक्सचाच आहे.

एक खोच लक्षात ठेव. हे सूत्र १९ ते २६ अंश तापमान गृहीत धरतं. एप्रिलमध्ये फेटलिंगमध्ये २६ अंश कुठे सापडले तर मलाही बोलव.

फिजिओ_सांगली:
वरच्या प्रतिसादाला +१. एक भर घालते. कामगारांशी बोललास का रे? नॉर्डिक प्रश्नावली मिळते: शरीराचं चित्र असतं, गेल्या १२ महिन्यांत आणि गेल्या ७ दिवसांत कुठे दुखलं ते विचारतात. तुझ्याकडे बिहार-ओडिशाची मुलं असतील तर हिंदीत विचार, आणि चहाच्या वेळी विचार. सुपरवायझर शेजारी उभा असला की कुणाचीच कंबर दुखत नाही.

काम पीस रेटवर (नगामागे पैसे) आहे का तेही बघ. असेल तर तुझ्या स्टँडमुळे दिवसाचे नग कमी होता कामा नयेत, नाहीतर आठवड्यात तो स्टँड भिंतीला लागलेला दिसेल.

प्रॉडक्शन_टीवाय:
काका, ताई, खूप धन्यवाद. पीस रेटच आहे, ठेकेदाराकडून. दोन शंका. एक, हात आणि घोट्यांमधलं अंतर मोजू कसं? माणूस थांबतच नाही. दोन, टेबल ८५ सेंमीचं बरोबर आहे का? कुणी सहा फुटी आहे, कुणी सव्वापाच.

जुना_फाउंड्रीवाला:
थांबवू नकोस, थांबवलास की तो तुला दाखवायला सरळ उभा राहील. काम चालू असताना दोन्ही पावलांभोवती खडूने रेघ मार. जॉब उचलायच्या क्षणी पकड कुठे होती ते बरोबर बाजूने घेतलेल्या व्हिडिओत बघ. फ्रेममध्ये मीटरपट्टी उभी ठेव. सुट्टीत त्याच जागी कुणाला तरी उभं करून हाताच्या पकडीच्या मधोमध ओळंबा सोड. दोन्ही घोट्यांच्या मध्यापासून ओळंब्याच्या टोकापर्यंत टेप लाव, झालं. एकाच माणसाचं घेऊ नकोस, उंच-बुटके दोन्ही घे.

टेबलाचं: जड कामाला कोपरापेक्षा १५ ते ४० सेंमी खाली. उंच माणसाला धरून टेबल कर आणि बुटक्याच्या पायाखाली रुंद, न डगमगणारी फळी दे. उलटं केलंस तर उंच माणसाला दिवसभर वाकावं लागेल, त्याला उपाय नाही. भारतीय मापं हवी असतील तर लायब्ररीत देबकुमार चक्रवर्तींचं एनआयडीचं (अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९९७ चं पुस्तक शोध, अमेरिकन तक्ते उतरवू नकोस.

आणि खर्चाच्या पानावर ॲप्रन सगळ्यात वर लिही. स्टँड आणि ट्रॉलीला पर्चेसची सही लागते, ॲप्रन स्टोअरमधून उद्या मिळतो. तो घालून आधीचं-नंतरचं अंतर मोज आणि तेवढा एक आकडा घेऊन सुपरवायझरकडे जा.