नवा मिक्सर सदोष, हातात कच्ची पावती आणि दुकानदाराचा नकार : मार्गदर्शन हवे आहे

मी मुलुंडला राहते. या महिन्याच्या ४ तारखेला दादरच्या एका दुकानातून साडेसातशे वॉटचा मिक्सर ५,४५० रुपयांना घेतला. सहाव्या दिवशी ओल्या खोबऱ्याची चटणी वाटताना भांड्याच्या बुडातून काळपट, तेलकट पाणी गळू लागले. ते पुसून भांडे पुन्हा बसवले, तर मिनिटभरात जळका वास आला आणि मिक्सर बंद पडला. तळाचे लाल बटण दाबले की तो सुरू होतो आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा थांबतो. भांडे अर्ध्याहूनही कमी भरलेले होते आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मध्ये मध्ये मिक्सर थांबवलाही होता, त्यामुळे हा माझ्या वापराचा दोष आहे असे मला वाटत नाही.

१३ तारखेला तो मूळ खोक्यात भरून, गर्दीच्या लोकलमध्ये मांडीवर घेऊन, मी दुकानात गेले. मालकांनी खोके उघडूनसुद्धा पाहिले नाही. “आम्ही फक्त विकतो, बिघाडाचे कंपनीशी बोला,” एवढेच त्यांचे उत्तर होते. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला, तेव्हा माणूस घरी येऊन मोटार उघडेल आणि लागल्यास बदलून देईल, पण मिक्सर बदलून मिळणार नाही, असे सांगण्यात आले. सहा दिवस वापरलेल्या नव्या वस्तूची मोटार उघडून घ्यायला माझे मन तयार नाही.

आता माझी चूकही सांगते, कारण ती लपवून सल्ला मागण्यात अर्थ नाही. पक्के बिल हवे असेल तर जीएसटी वेगळा पडेल असे दुकानात सांगितले गेले आणि मी कच्च्या पावतीवर समाधान मानले. तिच्यावर ‘एस्टिमेट’ असे लिहिलेले आहे, मॉडेल आणि किंमत आहे, आणि खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा रबरी शिक्का आहे. दुकानाचे नाव मात्र कुठेच नाही. वॉरंटी कार्डावरही दुकानाचा शिक्का मारून घ्यायचा राहिला. पैसे यूपीआयने दिले असल्यामुळे मोबाइलमध्ये दुकानाच्या नावासह व्यवहाराची नोंद आहे, तेवढाच आधार.

आज २५ तारीख आहे. अशा पावतीवर तक्रार टिकते का? जबाबदार कोणाला धरावे, दुकानदाराला की कंपनीला? आणि तोपर्यंत सेवा केंद्राच्या माणसाला मिक्सर उघडू द्यावा का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, सर्वप्रथम तारखेकडे लक्ष द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशाला म्हणायचे हे कलम २(४७) मध्ये सांगितले आहे. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हा प्रकार त्यात येतो. त्यासाठी बिलावर जी मुदत लिहिली असेल ती धरायची आणि मुदतच लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरायचे. ‘माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का म्हणजे मुदत नव्हे, त्यामुळे माझ्या समजुतीने तुम्हाला ३० दिवसांचा आधार घेता येतो. त्यांपैकी २१ दिवस गेले आहेत. तुमची लेखी मागणी उरलेल्या दिवसांत दुकानदाराच्या हाती पडली पाहिजे, तोंडी बोलण्यावर विसंबू नका.

त्या शिक्क्याला लोक उगाच घाबरतात. साडीचा रंग घरी गेल्यावर आवडला नाही म्हणून दुकानदाराने ती परत घेतलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, आणि तेवढ्यापुरता तो शिक्का चालूनही जाईल. वस्तूतच दोष असेल तर मात्र कायद्याने दिलेला हक्क शिक्का मारून काढून घेता येत नाही.

मागणीचे पत्र एक पानाचे पुरे. खरेदीची तारीख, रक्कम, मॉडेल, दोष केव्हा आणि कसा दिसला, १३ तारखेला दुकानात काय उत्तर मिळाले आणि पंधरा दिवसांत बदली किंवा पैसे हवेत, एवढे लिहा. स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती जपा, आणि तेच पत्र दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आणि कंपनीच्या ईमेलवरही टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवा. हेल्पलाइन आदेश देत नाही, ती फक्त समोरच्याकडे पाठपुरावा करते. पण माझा अनुभव असा की कंपन्या तिच्या तक्रारींना उत्तर देतात. दादरचा किरकोळ दुकानदार देईलच असे नाही.

तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे, ज्याला अजूनही सगळे ‘ग्राहक मंच’ म्हणतात. खरेदी दादरला झाली तरी २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, दाखल करण्याची मुदत दोन वर्षे आहे आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरबसल्या भरता येतो. दुकानदार आणि उत्पादक अशा दोघांनाही प्रतिवादी करा. एकालाच केले तर तो हमखास दुसऱ्याकडे बोट दाखवतो. माझ्या फ्रिजच्या प्रकरणात दीड वर्ष हेच चालले होते.

एका बाबतीत मात्र अपेक्षा माफक ठेवा. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा किंवा नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो, पण यातले कोणते द्यायचे हे आयोग ठरवतो. दुरुस्तीने भागण्यासारखा दोष असेल तर नवीन मिक्सरच मिळेल असे गृहीत धरू नका. कायद्यात तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाल द्यावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त काळ लागतो.

प्रतिसाद २

पावतीबद्दल थोडे स्पष्ट बोलतो, रागावू नये. दुकानदार जीएसटी ‘वेगळा’ सांगतो तेव्हा तो आपल्याला सूट देत नसतो, विक्री नोंदीबाहेर ठेवत असतो, आणि त्या बदल्यात आपण आपला पुरावा त्याला देऊन बसतो. तरीही प्रकरण हातचे गेलेले नाही. मोबदला देऊन वस्तू घेतली की तुम्ही ग्राहक झालात, आणि बिल हा त्याचा एकमेव पुरावा नव्हे. यूपीआयची नोंद, खोक्यावरचा अनुक्रमांक, कच्ची पावती आणि दुकानदाराशी व्हॉट्सॲपवर काही बोलणे झाले असेल तर तेही, हे सगळे एकमेकांना जुळते आहे. शिवाय बिल न देणे हीदेखील त्याच कलमाखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा पत्रात पक्क्या बिलाचीही मागणी करा. मग तो ‘बिल नाही, म्हणून तक्रार नाही’ असे म्हणूच शकणार नाही.

आता मिक्सर उघडू द्यायचा का? तपासायला माणूस येऊ दे, पण त्याने जॉब शीटवर मूळ दोष लिहिल्याशिवाय एकही स्क्रू काढू देऊ नका, आणि शीटचा फोटो त्याच्यासमोरच घ्या. ‘ओव्हरलोड’ किंवा ‘ग्राहकाच्या हाताळणीमुळे’ असे काही लिहिले असेल तर सही करण्याआधी शेजारी ‘मान्य नाही’ असे लिहा. मोटार बदलली गेली की दोष दाखवायला हातात काही उरत नाही, म्हणून त्याआधी गळतीचा आणि बंद पडण्याचा सलग व्हिडिओ काढून ठेवा.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. काल सकाळी व्हिडिओ काढला. भांड्यात नुसते पाणी घालूनही बाविसाव्या सेकंदाला लाल बटण बाहेर येते, म्हणजे वाटणाच्या भाराचा प्रश्नच उरत नाही. दुपारी पत्र स्पीड पोस्टने गेले आणि त्याची प्रत व्हॉट्सॲपवर पाठवली. तासाभरात मालकांचा फोन आला. आवाज आता मऊ होता. “भांडे बदलून देतो, येऊन घेऊन जा,” असे म्हणाले. मी त्यांना एवढेच सांगितले की गळती भांड्याची असेल, पण जळका वास मोटारीचा आहे, आणि काय देणार ते कृपया लिहून कळवा. अजून लेखी काही आलेले नाही. १९१५ वर कंपनीविरुद्ध तक्रार नोंदवली आहे.

एक शंका उरते. मालक भांडे घरपोच पाठवतो म्हणत आहेत. मी ते ठेवून घेतले तर तडजोड मान्य केली असा अर्थ निघेल का, की पावतीवर ‘हक्क राखून स्वीकारले’ असे लिहिले तर चालेल? तोपर्यंत मिक्सर खोक्यात घालून माळ्यावर ठेवला आहे आणि चटणी शेजारच्या काकूंच्या मिक्सरवर होते आहे.