पळण्याची नोंद ठेवायला कोणतं ॲप घ्यावं? अँड्रॉइड फोन आहे, घड्याळ नाही

द्राक्षनगरी

नमस्कार मंडळी,

पळण्याची नोंद ठेवायला ॲप हवंय. फोन मध्यम किमतीचा अँड्रॉइड. मनगटावर घड्याळ नाही आणि सध्या घ्यायचंही नाही. आठवड्यातून चार दिवस पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या, रविवारी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन परत. थंडीत १० किलोमीटरची शर्यत तासाच्या आत पूर्ण करायचा विचार आहे.

आत्ताच्या ॲपमध्ये तेवढ्याच फेऱ्यांचं अंतर कधी ५.३ किमी येतं तर कधी ४.७. एखाद्या दिवशी नकाशावर मैदान मधोमध कापून सरळ रेघ मारलेली दिसते. पळताना दिसणारा पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) ५ वरून ७ वर उड्या मारतो. शक्यतो फुकट ॲप हवं, दर किलोमीटरला कानात वेळ सांगणारं, आणि उद्या ॲप बदललं तर जुन्या नोंदी सोबत नेता याव्यात. काय वापरू?

गोदाकाठ

ॲप बदलायच्या आधी फोन तपासा, नाहीतर पाचवं ॲप टाकूनही हेच होईल. तुम्हाला दोन वेगवेगळे दोष आहेत, आणि ते अंतर एकमेकांच्या उलट बिघडवतात.

सरळ रेघ म्हणजे मधल्या वेळात नोंदच झालेली नाही. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवायला फोन ॲपला झोपवतो. जाग आल्यावर ॲप शेवटचा बिंदू आणि नवा बिंदू रेघेनं जोडून टाकतं, म्हणून अंतर कमी भरतं. फेऱ्यांच्या मैदानावर हे फार नडतं. ६ मिनिटं प्रति किमीच्या पेसनं १५ सेकंदांत साधारण ४२ मीटर होतात. ४०० मीटर ट्रॅकच्या वळणावर हे ४२ मीटर ॲपनं सरळ रेघेत मोजले तर ते ४० च्या आतच भरतात. प्रत्येक वळणावर पाचेक टक्के गेले. गंगापूर रोडच्या सरळ पट्ट्यात मात्र तीच चूक दिसतही नाही.

नागमोडी रेघ म्हणजे सिग्नल इमारतींवर किंवा खडकावर आपटून येतोय, किंवा वर दाट झाडी आहे. त्यानं अंतर वाढतं. तुमचे ५.३ बहुधा असे आलेत.

झोपेचा बंदोबस्त आधी करा:

शाओमी, रेडमी, पोको: ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी सेव्हर ‘नो रिस्ट्रिक्शन्स’, ऑटोस्टार्ट चालू, आणि अलीकडच्या ॲपांच्या पडद्यावर त्या ॲपला कुलूप.
सॅमसंग: बॅटरी, मग बॅकग्राउंड युसेज लिमिट्स, तिथल्या ‘नेव्हर स्लीपिंग ॲप्स’ यादीत ॲप टाका.
रियलमी, ओप्पो, व्हिवो: ॲपच्या बॅटरी पानावर बॅकग्राउंडमध्ये चालायची परवानगी द्या. शब्द मॉडेलगणिक बदलतात, पण जागा तीच.

लोकेशनच्या परवानगीत ‘प्रिसाइज’ चालू हवं. अँड्रॉइड १२ पासून ते वेगळं बटण आहे. ते बंद असेल तर ॲपला फक्त ढोबळ परिसर कळतो. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगीही वेगळी मागितली जाते, ती नाकारू नका. पळताना वर ॲपची कायमची पट्टी दिसली पाहिजे, ती गायब झाली की नोंद थांबली असं समजा. आणि फोनचा बॅटरी सेव्हर चालू ठेवून पळू नका. बऱ्याच फोनवर स्क्रीन बंद होताच तो लोकेशनही बंद करतो.

हे सगळं झाल्यावर एक चाचणी घ्या. एकाच फोनवर दोन ॲप एकाच वेळी चालू करा आणि ४०० मीटरच्या ट्रॅकवर पहिल्या लेनमधून १० फेऱ्या मारा. दोन्ही सारखेच चुकले तर दोष फोनचा. एकच चुकलं तर दोष ॲपचा. पहिलीच लेन धरा, लेन १.२२ मीटर रुंद असते, म्हणजे एकेक लेन बाहेर गेलात की फेरीमागे साडेसात मीटरहून जास्त वाढतात.

वळणवाट

गोदाकाठ यांच्याशी सहमत. त्यात भर: जीपीएसटेस्ट नावाचं फुकट ॲप टाका. मोकळ्या मैदानात उघडलं की कोणते उपग्रह दिसतात आणि त्यांचा सिग्नल किती, ते कळतं. ३५ च्या वरचे आकडे चांगले, २५ च्या खालचे कामाचे नाहीत. तिथं ‘एल५’ दिसलं तर तुमचा फोन दोन फ्रिक्वेन्सी घेतो, आणि इमारतींमध्ये त्याचा खरा फरक पडतो. आपल्या नाविकचे (जीपीएससारख्या भारतीय यंत्रणेचे) उपग्रहही एल५ वर बोलतात. नुसतं ‘एल१’ असेल तरी चालेल, मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन ५ मीटरच्या आसपास अचूक असतो.

निघताना घाई नको. फोनला उपग्रहांची ताजी माहिती लागते. इंटरनेट असेल तर ती पटकन मिळते, नसेल तर एकेका उपग्रहाकडून घ्यायला अर्धा मिनिट तरी जातं. ॲप उघडून, मोकळ्यावर उभं राहून, स्ट्रेचिंग उरकून मग सुरुवातीचं बटण दाबा. बिल्डिंगच्या जिन्यात बटण दाबलं तर पहिले दोनशे मीटर वाकडेतिकडे होणारच.

आता ॲप.

स्ट्राव्हा: फुकटात नोंद, नकाशा, किलोमीटरनिहाय वेळ, कानात घोषणा हे सगळं मिळतं. वाटा आखणं आणि सेगमेंटची (वाटेच्या ठरावीक तुकड्यांवरची) पूर्ण क्रमवारी २०२० पासून पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. तासाच्या आतल्या १० किमीला यातलं काही लागत नाही. वेबसाइटवरून एकेका पळीची जीपीएक्स फाईल (वाटेचे बिंदू आणि वेळा असलेली) काढता येते, सगळा साठा एकदमही मागवता येतो. फोननं अंतर चुकीचं दिलं तर वेबसाइटवर ‘करेक्ट डिस्टन्स’ आहे, ते बिंदूंवरून अंतर पुन्हा मोजतं. मधल्या सरळ रेघेवर मात्र त्याचा इलाज नाही, जे नोंदलंच नाही ते परत कुठून येणार?

नाइकी रन क्लब: पूर्ण फुकट, आणि कानात बोलणारे मार्गदर्शित सराव खरोखर चांगले. इंग्रजी कळत असेल आणि नव्यानं पळायला लागला असाल तर शिस्त लागते. पण ॲपमधून जीपीएक्स काढायची सोय नाही. तुमची तिसरी अट इथंच अडते.

ओपनट्रॅक्स: माझं मत याला. मुक्त स्रोत आहे, एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या दुकानात मिळतं, इंटरनेटची परवानगीच मागत नाही. खातं नाही, जाहिरात नाही. किती अंतरानं किंवा किती वेळानं बोलायचं ते ठरवता येतं. हृदयाचे ठोके मोजणारा ब्लूटूथचा छातीपट्टा जोडता येतो. पळ संपली की फाईल ठरवलेल्या फोल्डरमध्ये आपोआप टाकायची सोय आहे. उणीव एकच, आत नकाशा नाही; ओएसएमअँडसारख्या दुसऱ्या ॲपमध्ये उघडून बघावा लागतो. नकाशा आतच हवा असेल तर फिटोट्रॅक बघा, तेही मुक्त स्रोत.

तुमच्यासाठी मी म्हणेन: नोंद ओपनट्रॅक्सवर, आणि मित्रमंडळींना दाखवायचं असेल तेव्हा ती फाईल स्ट्राव्हावर चढवा. मूळ नोंद तुमच्या हातात राहते.

आणि एक राहिलं, ‘ऑटो पॉज’ बंद ठेवा. हळू पळताना किंवा झाडाखाली सिग्नल डळमळला की ॲपला वाटतं तुम्ही थांबलात. त्यात शर्यतीत घड्याळ थांबत नाही, मग सरावात तरी का थांबवायचं?

तासाआत

पेसच्या उड्यांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

क्षणाचा पेस बघूच नका. समजा ॲप मागच्या १० सेकंदांवरून पेस काढतंय. ६ च्या पेसनं १० सेकंदांत जेमतेम २८ मीटर होतात. त्यात ५ मीटर इकडचे तिकडे झाले की तोच पेस ५:०५ पण दिसेल आणि ७:१९ पण. तुम्ही मात्र एकाच गतीनं पळताय. उलट अख्ख्या किलोमीटरमागे तेच ५ मीटर म्हणजे अर्धा टक्का, दोनच सेकंद. म्हणून घोषणा दर किलोमीटरला लावा, शर्यतीच्या तयारीसाठी दर अर्ध्या किलोमीटरला, आणि फोन खिशातच राहू द्या.

शर्यतीच्या दिवशीचं गणित वेगळं. प्रमाणित मार्ग सायकलच्या पुढच्या चाकाला मोजयंत्र लावून मोजतात, तेही वळणांवरून शक्य तितकी आखूड वाट धरून. वर हजारात एक भाग जास्त धरतात, म्हणजे १० किमीला १० मीटर. आपण गर्दीत ती आखूड वाट धरू शकत नाही, शिवाय जीपीएसची थोडी नागमोड असते. त्यामुळे शेवटच्या रेषेवर ॲप १०.१ ते १०.२ दाखवेल. ॲपमध्ये १० किमी ५९:५० ला झाले म्हणून खूश व्हाल आणि रेषा अजून शंभर-दीडशे मीटर लांब असेल. १०.१५ धरून चाला: तासाच्या आत यायला ॲपवरचा सरासरी पेस ५:५५ च्या आत हवा, ६:०० नव्हे. वाटेत किलोमीटरच्या पाट्या असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवा.

मैदानाच्या फेरीचं अंतर एकदाच नीट मोजून घ्या. गूगल मॅप्समध्ये उपग्रहचित्र लावा, एका जागी बोट दाबून ठेवा, ‘मेजर डिस्टन्स’ घ्या आणि पळता त्या पट्ट्यावर जवळजवळ बिंदू टाकत फेरी पूर्ण करा. वळणावर बिंदू जास्त टाका. मग वेगाच्या सरावाला फेऱ्या मोजा आणि साधं स्टॉपवॉच लावा. तिथं कुठलंही ॲप त्याहून अचूक नाही.

द्राक्षनगरी

खूप खूप आभार. बॅटरीची सेटिंग बघितली, ॲप ‘ऑप्टिमाइझ्ड’वर होतं. आता बदललंय.

दोन प्रश्न आणखी. धाकटी बहीणही पहाटे अंधारात पळायला लागली आहे. ती कुठं आहे ते घरी दिसावं, पण जगाला दिसू नये, हे कसं जमवायचं? आणि कधीकधी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढतो, तिथली चढण ॲप भलतीच दाखवतं.

देवळालीकर

घरच्यांसाठी पळायचं ॲप लागतच नाही. व्हॉट्सॲपवर निघताना लाइव्ह लोकेशन द्यायचं. १५ मिनिटं, १ तास, ८ तास असे पर्याय आहेत. तासाभराचं घ्या, वेळ संपली की आपोआप बंद होतं. व्हॉट्सॲपलाही बॅटरीची तीच सूट द्यावी लागेल, नाहीतर घरी जुनाच ठिपका दिसत राहील. फोनमध्ये इमर्जन्सी एसओएस लावून ठेवा. बऱ्याच अँड्रॉइडवर पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की ते चालू होतं. नंबर ११२.

जगाला दिसू नये यासाठी स्ट्राव्हा वापरणार असाल तर पहिल्याच दिवशी प्रायव्हसीमध्ये जा. नोंदी फक्त फॉलोअर्सना किंवा फक्त स्वतःला दिसतील असं करा. मॅप व्हिजिबिलिटीमध्ये घराचा पत्ता देऊन भोवतीचा भाग झाकता येतो, १६०० मीटरपर्यंत. २०० मीटरवर समाधान मानू नका. रोज त्याच कडेला रेघ तुटलेली दिसली की मधलं घर कुठलं ते कुणीही ओळखेल. बहिणीला सांगा, पळ संपल्यावरच चढवायची, आणि ‘रोज ५ वाजता अमुक मैदान’ असं शीर्षकात लिहायचं नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. देवळाली कॅम्पच्या लष्करी भागात किंवा त्याच्या कडेनं पळत असाल तर नोंद सार्वजनिक ठेवू नका. स्ट्राव्हानं नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या पळींचा एकत्रित उष्णता-नकाशा प्रसिद्ध केला होता. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्यात परदेशातले लष्करी तळ उजळून दिसताहेत, कारण सैनिक तिथं रोज पळत होते. सेटिंगमध्ये ‘ॲग्रिगेटेड डेटा’चं बटण आहे, ते बंद केलं की तुमची वाट त्या नकाशात जात नाही.

वळणवाट

पांडवलेणी: तिथं एका अंगाला डोंगर आहे, म्हणजे अर्धं आकाश झाकलेलं. जीपीएसची उभी चूक आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट असतेच, त्यात हे. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर ॲप हवेच्या दाबावरून चढण मोजू शकतं, ओपनट्रॅक्स तसं करतं. ते बऱ्यापैकी बरोबर येतं. बॅरोमीटर नसेल तर काही ॲप उंचीच्या नकाशावरून आकडा घेतात, आणि उभ्या डोंगरावर दहा मीटर बाजूला सरकलं की उंचीही बदलते. पायऱ्यांच्या सरावाला फेऱ्या आणि वेळ लिहा, चढणीचा आकडा सोडून द्या.

मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलाखालून पळणाऱ्यांनाही हेच सांगणं. वर काँक्रीट असताना उपग्रह दिसणार कसे?

फोन हाफ पँटच्या सैल खिशात हिंदकळू देऊ नका. कमरेचा घट्ट पट्टा घ्या, स्क्रीन बाहेरच्या बाजूला. पावसाळ्यात पातळ प्लास्टिकची पिशवी पुरे, पण सुरू केल्यावर स्क्रीन लॉक करा. ओल्या कापडाच्या स्पर्शानं ‘पॉज’ दाबलं जातं आणि घरी आल्यावर कळतं.

द्राक्षनगरी

जुन्या नोंदी स्ट्राव्हावर कशा चढवू? फाईली शंभराच्या वर आहेत. आणि एक फाईल उघडून बघितली तर वेळ चुकीची दिसते, तारीखही आदल्या दिवसाची.

गोदाकाठ

वेबसाइटवर अपलोडच्या पानावर एका वेळी २५ फाईली जातात. पाच-सहा खेपांत होईल. त्याआधी मूळ फाईलींची एक प्रत वेगळी ठेवा.

वेळ चुकीची नाही. जीपीएक्समध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितात, शेवटी झेड असतो. आपण साडेपाच तास पुढं, म्हणून पहाटे ५:३० ला सुरू केलेली पळ फाईलमध्ये ००:०० ला सुरू होते, आणि ५ ची पळ आदल्या तारखेच्या २३:३० ला. हातानं बदलू नका. चढवल्यावर ॲप जागेवरून वेळ लावून घेतं; तुम्ही साडेपाच तास वाढवून ठेवलेत तर सगळ्या पळी साडेदहा-अकराच्या उन्हात पडतील.