मदत हवी आहे: स्प्रे कोटिंगनंतर बॉनेटवर डाग, पुसूनही जात नाहीत

घाईत_आहे
काल गाडीला घरीच सिरॅमिक स्प्रे कोटिंग मारलं. बाटलीवर लिहिलंय तसंच केलं. आज सकाळी बघतो तर डाग. कोरड्या फडक्याने पुसलं, ओल्याने पुसलं, फरक शून्य. रविवारी गाडी लग्नाला न्यायची आहे. माल डुप्लिकेट आहे का? काय लावलं की निघेल तेवढंच सांगा.

दोन_बादल्या
डाग कसले? पांढरे गोल, की तेलकट पट्टे? गाडीचा रंग? उन्हात मारलं की सावलीत, किती वाजता? आधी गाडी कशाने धुतली? "लिहिलंय तसंच" सगळेच करतात. बाटलीवर "गार पॅनलवर" असंही लिहिलेलं असतं.

मेण_बरं
या फवाऱ्यांच्या नादी लागूच नका. डबीतलं कार्नोबा मेण, स्पंजावर पातळ थर, दहा मिनिटांनी पुसलं की झालं. चुकलं तरी डाग राहत नाहीत.

चहा_कट
आणि एप्रिलच्या उन्हात काळं बॉनेट तापलं की ते मेण बसून राहणार?

मेण_बरं
कार्नोबा ८२ अंशांच्या पुढे वितळतं. बॉनेटवर अंडं तळायचं नाहीये.

चहा_कट
ते शुद्ध कार्नोबाचं झालं. डबीत तेल, द्रावक आणि चार स्वस्त मेणंही असतात. दीड-दोन महिन्यांत पाण्याचे थेंब बनायचे थांबतात.

घाईत_आहे
मेणाचा धागा वेगळा काढा हो. गाडी काळी, सेदान. बॉनेट आणि टपावर तेलकट पट्टे आहेत, तिरकं बघितलं की डबक्यावर पेट्रोल सांडल्यासारखे रंग दिसतात. थोडे गोल डागही आहेत. दारं मात्र चकाचक. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, सकाळी ११ ते १. आता सांगा.

दोन_बादल्या
अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. किती मारलं आणि किती फडकी वापरली?

घाईत_आहे
५०० मिलीची बाटली होती, निम्मी उरली आहे. थेट बॉनेटवर फवारून पुसलं. फडकं एकच, पण चांगल्यातलं.

चहा_कट
निम्मी!! तेवढ्यात आख्खी विंग चकाकली असती राव.

दोन_बादल्या
माल डुप्लिकेट असता तर दारांवरही डाग पडले असते. दारं उभी, त्यांना ऊन तिरकं लागतं. बॉनेट आणि टप आडवे, त्यात रंग काळा. अकरा वाजता तिथे हात टेकवत नसेल. अशा पत्र्यावर फवारा पडला की त्यातलं पाणी आणि द्रावक लगेच उडून जातं आणि तुम्ही पसरवायच्या आत राळ तिथल्या तिथे घट्ट होते. जिथे जास्त माल राहिला तिथे थर जाड, तेच ते रंगीत पट्टे. याला हाय स्पॉट म्हणतात. फडकं एकच असल्यामुळे तिसऱ्या पॅनलनंतर ते पुसत नव्हतं, उलट माल परत चोपडत होतं.

सेदानला साधारण ४०-५० मिली पुष्कळ झालं. मी सांगतो ते आधी तळहाताएवढ्या जागेवर करा, संध्याकाळी, पत्रा गार असताना:

पहिली पायरी, तेच कोटिंग. फडक्यावर (पत्र्यावर नाही) एक फवारा, डागावर हलक्या हाताने फिरवा आणि दहा-पंधरा सेकंदांत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. ताजा माल जुन्याला थोडा सैल करतो. पहिल्या दोन-तीन तासांत हे हमखास चालतं. तुमचा एक दिवस उलटला आहे, तेव्हा पन्नास टक्के धरा.

नाही गेलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं मिळतं. एक भाग ते आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे साधारण १४ टक्के. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, नवा तवंग तयार होईल.

तरीही राहिलं तर फिनिशिंग पॉलिश. रबिंग कंपाउंड नाही. फोमच्या ॲप्लिकेटरवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके, एका वेळी दीड फूट बाय दीड फूट, आधी आडवं मग उभं, आठ-दहा वेळा. बॉनेटच्या कडा आणि उठावाच्या रेघा सोडून द्या, तिथे क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, सगळ्यात पातळ असतो. मग अल्कोहोलने पुसून तेवढ्याच भागावर नव्याने कोटिंग.

गोल डाग हा वेगळा आजार आहे. धुतली कोणत्या पाण्याने?

रॉकेल_जिंदाबाद
एवढा पसारा कशाला? फडक्यावर थोडं रॉकेल घ्या, सगळं साफ.

अंबडकर
काका, रॉकेल डांबर काढतं. घट्ट झालेली राळ काढत नाही, आणि वर स्वतःचा तेलकट थर ठेवून जातं. त्यावर पुढचं कोटिंग धरणारच नाही.

गॅरंटी_कार्ड
सरळ पीपीएफ, म्हणजे पेंटवर चिकटवायची पारदर्शक फिल्म, करून घ्या. बारीक खडे उडाले तरी पेंटला सहसा काही होत नाही.

घाईत_आहे
बोअरचं पाणी. नाशिकच्या पाथर्डी फाट्याला दुसरं काय असतं? धुतली आणि वाळायला सोडली, पुसत बसलो नाही, ऊन होतंच की.

दोन_बादल्या
झालं तर मग. जड पाणी उन्हात वाळलं, थेंबातला चुना जागेवर राहिला आणि त्यावर तुम्ही कोटिंगचं झाकण लावलं. वरून कितीही पुसा, डाग झाकणाखाली आहे.

आधी वरच्या तीन पायऱ्यांनी तिथलं कोटिंग उतरवा. मग पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, फडकं भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुऊन लगेच पुसा. चुना विरघळेल. नखाला खळगा लागत असेल तर डाग क्लिअरकोटमध्ये उतरला आहे. तिथे व्हिनेगर थकतं, पॉलिशच लागतं.

चहा_कट
शेवटच्या पाण्याला आरओचं वापरलं तर?

दोन_बादल्या
आरओतून शुद्ध होऊन आलेलं चालेल. पण लोक बादलीत साठवतात ते आरओचं फेकून द्यायचं पाणी. त्यात मूळ बोअरपेक्षाही जास्त क्षार असतात, ते गाडीला अजिबात नको. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी त्यापेक्षा कितीतरी बरं, हवेतला ओलावाच तो, क्षार जवळजवळ नसतात. धूळ असते, गाळून घ्या.

अंबडकर
एक राहिलं. गाडी अंबड-सातपूर एमआयडीसीच्या बाजूला उभी राहत असेल तर पत्र्यात लोखंडाचे कण रुतलेले असणार. प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवा. खरखरीत लागलं तर आधी आयर्न रिमूव्हर: गार पत्र्यावर फवारा, जांभळे ओघळ दिसले की तीन-चार मिनिटांत धुऊन टाका. वास सडक्या अंड्यासारखा येतो, घाबरू नका. नंतर क्ले (रुतलेले कण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवा, शाम्पूच्या पाण्याने निसरडं ठेवून. क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यायचा. हे न करता नव्याने कोटिंग म्हणजे वाळूवर रंग.

दोन_बादल्या
मान्य, पण क्लेने काळ्या रंगावर बारीक ओरखडे येतातच, मग पॉलिश करावंच लागतं. याला रविवारी लग्नाला जायचंय. आत्ता नुसते डाग काढू दे.

अंबडकर
म्हणजे महिन्याभरात परत हाच धागा वर येणार.

गॅरंटी_कार्ड
पण बाटलीवर ९एच लिहिलंय ना? मग ओरखडे येतीलच कसे?

चहा_कट
ते ९एच पेन्सिलीचं मोजमाप आहे, हिऱ्या-माणकांचं नाही. स्प्रेचा थर एवढा पातळ असतो की ओरखडा त्याच्यासकट जातो. धूळ सहज निघावी, पाणी ठरू नये, एवढंच त्याचं काम.

दिंडोरी_बाग
मध्येच विचारतो. गाडी बागेच्या बांधाला उभी असते, ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी सुरू झाली की काचेवर-टपावर निळसर ठिपके. कोटिंगने थांबतील का?

अंबडकर
बोर्डो असेल. मोरचूद आणि चुना, दोन्ही चिकट. कोटिंगने थांबणार नाहीत, पण त्याच दिवशी धुतलं तर सहज सुटतील. वाळलेले कोरड्या फडक्याने घासू नका. तेच व्हिनेगरचं पाणी, मग शाम्पू. फवारणीच्या दिवसांत जुनी चादर टाका, सगळ्यात स्वस्त कोटिंग.

घाईत_आहे
बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर करून पाहिलं. कोटिंगवर कोटिंगने काही झालं नाही. अल्कोहोलने रंगीत पट्टे पुसट झाले, पॉलिशच्या दोन फेऱ्यांत गेले. गोल डाग व्हिनेगरने बरेचसे गेले, दोन राहिलेत, नखाला लागतात. ते राहू देत. उद्या पहाटे सहाला बेसमेंटमध्ये उरलेलं बॉनेट आणि टप करतो. परत कोटिंग मारताना नक्की किती?

दोन_बादल्या
बॉनेटचे दोन भाग करा. प्रत्येक भागाला फडक्यावर दोन फवारे, एकदा आडवं एकदा उभं, लगेच दुसऱ्या फडक्याने पुसा. पुसायची फडकी तीन ठेवा, ओलसर लागलं की बदला. प्रत्येक भाग झाला की मोबाईलच्या टॉर्चने तिरकं बघा, डाग तेव्हाच दिसतो आणि तेव्हाच जातो. त्यानंतर २४ तास पाणी लागू देऊ नका. फडकी लगेच धुवा, वाळली की कडक होतात आणि पुढच्या वेळी तीच ओरखडे काढतात.

घाईत_आहे
बाटली उरणार आहे. समोरच्या काचेवरही मारून टाकू का?

अंबडकर
मारू नका. पेंटचं कोटिंग काचेवर लावलं की वायपर थरथरत चालतो आणि रात्री समोरच्या दिव्यांचा फुलोरा दिसतो. काचेचं वेगळं मिळतं. उरलेलं अलॉयला मारा, ब्रेकची काळी पूड पाण्याने निघेल. पण चाकं आधी गार होऊ द्या.