‘कॅप्टन व्योम’ नव्या कथांसह परत यावी का?

प्रश्न (सांगली): १९९८ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘कॅप्टन व्योम’ ही अंतराळातली विज्ञानकथा मालिका पुन्हा काढायची झाल्यास नायक व्योमच्या भूमिकेत मिलिंद सोमण यांच्या जागी दुसरा नट प्रेक्षक स्वीकारतील का?

उत्तर (कराड): ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका १९८९ मध्ये थांबून २००५ मध्ये परतली, नायकाचे शरीरच बदलते, ही सोय कथेतच असल्याने तिला नवा नट जड गेला नाही. व्योमला ती सोय नाही. म्हणून ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अंतराळ मालिकेने १९८७ मध्ये केले तसे कथानक काही पिढ्या पुढे नेऊन नवे यान आणि नवी तुकडी घ्यावी.

उत्तर (वाई): सहमत, मात्र जुन्या मालिकेतला निसटलेल्या कैद्यांचा पाठलागच पुन्हा दाखवू नये. गच्चीवरचा अँटेना फिरवत आम्ही पाहिलेली ती खेळण्यासारखी अंतराळयाने मात्र (हसू आले तरी) तशीच राहावीत.

प्रश्नकर्ता: मग जुना व्योम निवृत्त प्रशिक्षक म्हणून दाखवता येईल.