भारनियमनाचा खरा फटका कोणत्या कारखान्यांना बसतो?

प्रश्न
महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन तीव्र होते, तेव्हा लघुउद्योगांचे मोठे नुकसान झाले, असे नेहमी म्हटले जाते. वीज नसते तेवढा वेळ उत्पादन थांबते, हे उघड आहे. पण ते काम नंतर भरून काढता येत नाही का, आणि लहान व मोठ्या कारखान्यांच्या नुकसानीत फरक का पडतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
मी कोल्हापूर भागातील फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काम केले आहे. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत धातू वितळलेला असताना वीज गेली आणि लवकर आली नाही, तर तो भट्टीतच गोठू लागतो, आणि पुन्हा तापवताना भट्टीच्या लायनिंगला (आतल्या अस्तराला) तडे जाण्याचा धोका असतो. भट्टीभोवतीची तारेची कॉइल थंड ठेवणारा पाण्याचा पंप तर बंद पडून चालतच नाही. कपातीची वेळ आधी कळली, तर हीट, म्हणजे धातू वितळवण्याची एकेक फेरी, त्याप्रमाणे आखता येते; न सांगता तासभर वीज गेली, तर मात्र अख्खी पाळी बिघडते. जिथे तिन्ही पाळ्या आधीच चालू आहेत, तिथे भरपाईला वेळ उरतोच कुठे?

प्रतिसाद २
लहान-मोठ्यांतील फरक जनित्राच्या हिशेबात आहे. एक लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ४ युनिट वीज मिळते, म्हणजे डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटमागे २२ ते ३० रुपये येतो. शिवाय छोटे जनित्र क्षमतेच्या मानाने महाग पडते. भारतीय कारखान्यांविषयी ऑलकॉट, कॉलर्ड-वेक्सलर आणि ओ'कॉनेल या अर्थशास्त्रज्ञांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की टंचाईमुळे सरासरी कारखान्याची विक्री ५ ते १० टक्क्यांनी घटते आणि जनित्र नसलेल्यांना अधिक झळ बसते. इचलकरंजीत मजुरीवर कापड विणून देणाऱ्या, मोजक्या मागांच्या यंत्रमागधारकाची अवस्था अशा सरासरीत दिसत नाही, याचे मला वाईट वाटते. माग थांबला की त्याची मजुरी बुडते आणि कामगाराचीही.

प्रतिसाद ३
पुण्यात २००६ साली उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून तेवढी वीज शहरासाठी मोकळी केली आणि तिचा वाढीव खर्च वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने ग्राहकांच्या बिलांतून वसूल झाला. ही व्यवस्था उपयुक्त ठरली, परंतु तिच्यामागे मोठ्या कंपन्यांची जनित्रे होती. यंत्रमागांच्या गावात ती कोठून आणणार? तेथे कपातीचे वेळापत्रक आदल्या दिवशी जाहीर करून ते काटेकोरपणे पाळणे, ही मागणी मला जनित्रासाठीच्या अनुदानापेक्षा अधिक निकडीची वाटते.